रिटेनर हरवला, नाईट गार्ड लावून चालेल का?

प्रश्न (गुहागर)
दोन वर्षांपूर्वी मुंबईत दातांच्या तारा काढल्यापासून मी रात्री वर आणि खाली पारदर्शक रिटेनर (सरळ झालेले दात जागेवर धरणारे कवच) लावतो. गौरीजेवणाच्या दिवशी वरचा रिटेनर कागदी रुमालात गुंडाळून पानाशेजारी ठेवला आणि तो उष्ट्या केळीच्या पानांबरोबर थेट गोठ्यात गेला. मी झोपेत दात खातो (आजीच्या मते हे जंतांचेच काम), म्हणून चिपळूणच्या दंतवैद्यांनी मे महिन्यात वरच्या दातांसाठी कडक नाईट गार्ड करून दिला होता. तो जाड वाटल्याने डबीतच पडून आहे. दिवाळीत मुंबईला जाईपर्यंत तोच लावला तर चालेल का?

उत्तर (दंतवैद्य, सावंतवाडी)
गार्ड तुमच्याच दातांचे माप घेऊन केलेला, कडक आणि शेवटच्या दाढेपर्यंत सगळे दात झाकणारा असेल, तर तो काही काळ दात जागेवर धरून ठेवील. रिटेनर जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो आणि गार्ड दोन-तीन मिलिमीटरचा, कारण त्याला दाढांचा दाब सोसायचा असतो. समोरच्याच दातांपुरता गार्ड मात्र लावू नये. मागच्या दाढा मोकळ्या राहून हळूहळू हिरडीतून आणखी बाहेर येऊ शकतात. आजच लावून पाहा: तो डुगडुगला किंवा एखाद्या दातावर फार ताण आला, तर दात सरकले आहेत असे समजावे आणि चावून बसवण्याचा प्रयत्न करू नये. खालचा रिटेनर सोडू नका, पण तो लावल्यावर वरच्या गार्डवर दात दोन्ही बाजूंनी सारखे टेकतात का, हे तपासून घ्यावे लागेल.

उत्तर (दापोली)
मी औषधांच्या दुकानातला, गरम पाण्यात मऊ करून दातांवर दाबायचा गार्ड चार महिने वापरला. समोरच्या दोन दातांत फट पडली आणि ती आरशाच्या आधी जिभेला कळली. तसला घेऊ नका.

प्रश्नकर्ता
लावून पाहिला. सगळीकडे बसतो, पण डावा सुळा दाबला जातो आणि सकाळी तोच दात दुखतो.

उत्तर (दंतवैद्य, सावंतवाडी)
मग दिवाळीपर्यंत थांबू नका. रिटेनर चिपळूणलाही होतो. गार्डच्या वेळचा प्लास्टरचा साचा दवाखान्यात ठेवलेला असेल तर तो मागा, म्हणजे सुळा किती हलला ते ताडून पाहता येईल. आणि गार्ड उकळत्या पाण्याने धुऊ नका, तो वाकतो.