बाराबोर बंदुकीच्या दस्त्याला कोणता पॅड घ्यावा? बजेट १५०० रुपये

कोयनाकाठची_लेक
नमस्कार मंडळी. पाटण तालुक्यात डोंगराच्या अंगाला आमचं रान आहे. भुईमूग भरायला लागला की रानडुकरं उतरतात. पीक संरक्षणाचा परवाना वडिलांच्या नावावर होता, त्यांचं वय झालं म्हणून आता रीतसर माझ्या नावावर झालाय. बंदूक आजोबांच्या काळातली बेल्जियन दुनळी. वजनाला हलकी आहे, पण बार काढला की असा दणका बसतो की दुसऱ्या दिवशी वेणी घालायला हात वर जात नाही. दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकतो त्या लाकडी भागाच्या, टोकाला नुसती काळी कडक पट्टी आहे, रबर नाही. माझी उंची पाच फूट दोन इंच, दस्ता मला आधीच लांब पडतो. १५०० च्या वर जायचं नाही आणि दस्ता कापायचा नाही.

मिरजेचा_भाऊ
ताई, डोळे झाकून इंपोर्टेड जेल पॅड घ्या. माझे साडेचार हजार गेले, पण खांद्याला आता काही कळत नाही. स्वस्तातलं घेऊन दोनदा पैसे घालवू नका.

हळदवाला_सांगलीकर
साडेचार हजार? ताईंनी १५०० लिहिलंय. टोपीसारखा चढवायचा रबरी पॅड घ्या, स्क्रू नाही की काही नाही. फक्त बंदुकीवर कायम ठेवू नका. माझा कपाटात उन्हाळाभर राहिला, रबर पाघळून चिकट झालं आणि काढताना दस्त्याचं पॉलिश सोलून आलं. दुकानदार म्हणाला, तुम्ही नीट ठेवला नाही. पावती दाखवली तरी ऐकेना.

मिरजेचा_भाऊ
म्हणूनच जेल म्हणालो.

निवृत्त_सुभेदार_सातारा
आम्ही फौजेत एसएलआर रायफल चालवली, ७.६२ मिमीची. ती अर्धस्वयंचलित. गॅसच्या जोरावर आतला भाग मागं येतो, दस्त्यातली स्प्रिंग दाबली जाते, त्यामुळं धक्का थोडा पसरून बसतो. तरी नव्या पोरांचे खांदे काळेनिळे व्हायचेच, कारण पोरं भीतीनं दस्ता खांद्यापासून सुटा धरायची. दुनळीत मागं-पुढं सरकणारं काही नाही, सगळा धक्का थेट अंगावर. दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट ओढून घ्या, गळ्याच्या हाडावर टेकवू नका. गाल दस्त्याला चिकटलेला, वजन पुढच्या पायावर. हे जमल्याशिवाय कुठल्याही पॅडला पैसे घालू नका.

वाळव्याचा_शेतकरी
मुळात बंदूक कशाला? सौर कुंपण करा. डुकराला मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते. तुमच्याकडं गवेही आहेत, त्यांच्याकडं तर नळीसुद्धा वळवू नका.

हळदवाला_सांगलीकर
कुंपणाखालून उकरून येतात हो. माझ्या मेव्हण्याच्या रानात आलीत.

वाळव्याचा_शेतकरी
खालची तार किती उंचीवर होती? गवत वाढून तारेला लागलं की झटका मरतो. कुंपणाखालचं गवत काढलं होतं का, ते मेव्हण्यांना विचारा.

कराडचा_नेमबाज
ताई, एक विचारतो. काडतुसं कोणती वापरता? खोक्यावर ६५ मिमी लिहिलंय की ७०?

कोयनाकाठची_लेक
७०. दुकानात तीच मिळाली. व्यवस्थित बसतात.

कराडचा_नेमबाज
आता एकही बार काढू नका. खोक्यावरची लांबी ही उडाल्यानंतरच्या काडतुसाची असते. न उडालेल्याचं तोंड दुमडलेलं असतं, म्हणून ते आखूड घरातही (नळीत काडतूस बसतं ती जागा) गुपचूप बसतं. बार होताना ते तोंड उलगडायला पुढं जागाच नसेल तर दाब वाढतो. धक्का वाढतो तो वेगळाच, पण जुन्या नळीला हे सोसेलच असं नाही. बंदूक रिकामी असल्याची खात्री करा, नळ्या उतरवा आणि खालच्या सपाट भागावरचे शिक्के बघा. १२ च्या जवळपास ६५ दिसलं तर ७० ची काडतुसं बंद. काहीच वाचता आलं नाही तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून घर मोजून घ्या.

पॅडचं म्हणाल तर टोपीवाला जाड पॅड दस्ता इंचभर तरी लांब करतो. तुमच्या उंचीला तो बंदूक उचलताना काखेत अडकणार. माझं मत, दस्ता कापून पॅड बसवा, पण परवानाधारकाकडूनच. गावातल्या सुताराकडे बंदूक ठेवून येऊ नका, परवाना तुमचा आहे, त्याचा नाही. आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल नेमबाजीत ब्राँझ जिंकलं. त्या प्रकारातल्या रायफलींचा दस्ता नेमबाजाच्या अंगाला जुळवून घेतात. तुम्ही दुसऱ्याच्या मापाचा का सोसायचा?

निवृत्त_सुभेदार_सातारा
काडतुसाचं अगदी बरोबर. बाकी मी आधीच सांगितलंय, पकड सुधारा.

मिरजेचा_भाऊ
एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवीन पंप ॲक्शन (नळीखालची मूठ मागं-पुढं ओढून काडतूस भरायची बंदूक) घ्या. वजनदार असते, धक्का आपोआप कमी. माझ्याकडे आहे.

कोयनाकाठची_लेक
सगळ्यांचे आभार, विशेषतः कराडच्या दादांचे. नळ्या उतरवून बघितल्या, ६५ चाच शिक्का आहे. परवानाधारक कारागिराला दाखवली. नळ्यांना फुगवटा नाही, चीर नाही, बिजागरीही घट्ट आहे. ७० ची काडतुसं विक्रेत्याकडे जमा केली, ६५ ची मागवलीत.

दस्ता कापणार नाही. त्यावर आजोबांनी कोरलेली अक्षरं आहेत आणि ती अगदी टोकाला आहेत. रबर आणि जेलही नको. दस्त्याच्या टोकाचा आकार कागदावर उतरवून घेतलाय, बाजूची मापं दोऱ्यानं घेतलीत. त्यावरून कराडचा एक चर्मकार चामड्याची पातळ टोपी शिवून देतोय, आत नमद्याचा (दाबलेल्या लोकरीचा) एकच थर, बाजूनं वादी. ६०० रुपये सांगितलेत. बंदूक घराबाहेर न्यायची गरज नाही.

मिरजेचा_भाऊ
चामड्यानं काही होत नाही ताई. परत इथंच याल.

हळदवाला_सांगलीकर
पावसाळ्यात बुरशी येईल, तेवढं बघा. आणि त्या चर्मकाराचं दुकान कराडात कुठं, मलापण एक शिवायचीय.