‘तिंग’, ‘डिंग’, ‘थिंग’: वस्तू की सभा?

वाटसरू: एका स्वीडिश गावाच्या वर्णनाचा अनुवाद करताना ‘तिंग्सहूस’ हा शब्द आला. ‘तिंग’ म्हणजे इंग्रजीतले ‘थिंग’ आणि ‘हूस’ म्हणजे घर, असा हिशेब करून मी ‘वस्तुगृह’ लिहून मोकळा झालो. पुढच्याच परिच्छेदात त्या इमारतीत न्यायाधीश येऊन बसले, तेव्हा घोटाळा ध्यानात आला. मराठीत काय लिहावे?

जुनी वही: आपण शब्द शेपटीकडून धरलात. त्याचा जुना अर्थ सभा, म्हणजे ठरल्या वेळी जमून तंटे मिटवणारी सभा. आइसलँडची ‘अल्थिंग’ सन ९३० पासून थिंगवेट्लिरच्या उघड्या माळावर भरत असे. नॉर्वेच्या ‘स्टोर्टिंग’ आणि डेन्मार्कच्या ‘फोल्केटिंग’ या संसदांच्या नावांतही तोच शब्द आहे. सभेपुढे येते ते प्रकरण, प्रकरणाची झाली बाब, आणि बाबीची होता होता वस्तू झाली. डॅनिशमध्ये तर ‘एन टिंग’ म्हणजे वस्तू आणि ‘एत टिंग’ म्हणजे सभा. फरक केवळ लिंगाचा. जर्मन ‘डिंग’चा सभेशी संबंध सुटला, तरी ‘डिंगफेस्ट’ करणे म्हणजे आजही एखाद्याला जेरबंद करणे होय. डच ‘झाक’ हा निराळ्या मुळाचा शब्दही खटला, धंदा आणि बाब असे तिन्ही अर्थ सांभाळतो.

अडकित्ता: जर्मन ‘दीन्सटाग’, म्हणजे मंगळवार, हाही याच सभेच्या देवाचा वार. उत्तर इंग्लंडमधल्या हेड्रियनच्या भिंतीवरील हाउसस्टेड्स या रोमन ठाण्यातील रोमन काळातल्या लेखात ‘मार्स थिंक्सुस’ असे त्याचे नाव कोरलेले आहे. मार्स म्हणजे आपला मंगळच की! शिवाय आपली ‘गोष्ट’ही ‘गोष्ठी’वरून, म्हणजे सभेवरूनच आली, आणि ‘गोष्ठी’ ‘गोष्ठा’वरून, तेव्हा गोष्ट आणि गोठा ही सख्खी भावंडे ठरतात.

जुनी वही: व्युत्पत्ती मान्य, परंतु तुलना अर्ध्यावर थांबते. माझी आजी म्हणत असे, गोष्ट सांगायची असते, उचलायची ती वस्तू. ‘टेबलावरच्या गोष्टी आवर’ हे इंग्रजीच्या नादाने आलेले मराठी आहे.

अडकित्ता: आजीबाईंचा मान राखून सांगतो, आमच्या घरी तीन पिढ्या गोष्टी आवरत आहेत. डॅनिश माणसाने सभेचे नाव टेबलावर ठेवले तर तो अर्थविस्तार, आणि आम्ही ठेवले तर बिघाड?

वाटसरू: उद्या सकाळी मजकूर द्यायचा आहे. ‘न्यायसभा’ लिहावे की ‘कचेरी’?

जुनी वही: ‘कचेरी’ फारसी वाटते. आणि तीन पिढ्यांनी केली म्हणून चूक शुद्ध होत नाही.

अडकित्ता: मग आपली ‘बाब’ कुठली? तीही अरबीच.