दवाखान्यात एक लेकरू, घरी दुसरं: अनुभव सांगा

मोठ्या आजाराचं लेकरू घेऊन आई-बाप संभाजीनगरला घाटीत, म्हणजे सरकारी दवाखान्यात, तिथल्याच कॅन्सर रुग्णालयात, नाहीतर थेट मुंबईला टाटा कॅन्सर रुग्णालयात जातात. धडधाकट भावंड आजीकडं किंवा मामाकडं राहतं. आल्यागेल्याच्या तोंडी चौकशी फक्त आजाऱ्याची. मागं राहिलेल्या त्या लेकरासाठी तुम्ही काय केलंत, कशाचा उपयोग झाला, ते मोकळेपणानं लिहा. लहानपणी ज्यांच्या वाट्याला हे आलं त्यांनी तर जरूर लिहावं. लेकरांची नावं टाकू नका.

आई, परभणी जिल्हा
धाकट्याला रक्ताचा कॅन्सर निघाला तेव्हा थोरली दुसरीत होती. त्याच्या प्रकाराचा उपचार दोन-तीन वर्षं चालतो आणि सुरुवातीचे महिने फार कडक. आम्ही मुंबईत परळला टाटाजवळ, ती जिंतूरला माझ्या आईकडं. फोनवर नुसतं हं, हो. आई म्हणायची, पोरगी शहाणी झाली, काहीच मागत नाही. मला त्या शहाणपणाचीच धास्ती वाटायची. दिवाळीच्या सुट्टीत तिला बोलावून घेतलं. धर्मशाळेत वाटाणे सोलत बसलो होतो. वर न बघता म्हणाली, "मम्मी, मी त्याला ओसरीवरून ढकललं होतं ना, त्यानंच झालं का?"

किती दिवस पोटात ठेवलं असेल लेकरानं! मी जवळ घेतलं, पण माझ्या शब्दावर तिचा विश्वास बसेना. मग डॉक्टरबाईंकडं नेलं. त्यांनी तिच्याच वहीत हाडाचं चित्र काढलं. रक्त हाडातल्या मगजात तयार होतं, तिथल्या पेशी बिघडल्या. ढकलल्यानं, भांडल्यानं, उष्टं खाल्ल्यानं हा आजार होत नाही, आणि त्याच्यापासून तुलाही होणार नाही. तिनं विचारलं, "आज्जीला पण नाही ना?" गावाकडं परतल्यावर आज्जीला ते चित्र तिनंच समजावून सांगितलं. त्यानंतर फोनवर बोलायला लागली. आम्हीही फोनवर आधी तिच्या शाळेचं विचारायचो, भावाचं नंतर.

आजोबा, हिंगोली
आमच्याकडं नात ऱ्हाती. पाहुणे आले की नातवाचंच इचारायचे आन् पोरगी दाराआड उभी. म्या पाहुण्याइला वसरीतच सांगू लागलो, आधी हिच्याशी बोला, मंग त्याचं इचारा.

थोरला भाऊ, लातूर
मी आता नोकरीला आहे. धाकट्या बहिणीला थॅलेसेमिया मेजर, रक्ताचा जन्मजात आजार. दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, तो दिवस घरात ठरलेला. पुढं बोन मॅरो, म्हणजे हाडातला मगज, भावंडाकडून घेऊन तिला द्यायचा विषय निघाला. सख्ख्या भावंडाचं पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. आम्हा दोघा भावांची तपासणी झाली, माझं जुळलं. माझं फार कौतुक झालं. शिवाय कंबरेच्या हाडातून मॅरो कसा काढतात, त्या वेळी भूल देतात, काही आठवड्यांत तो शरीरात पुन्हा भरून येतो, सगळं मला नीट सांगितलं गेलं, त्यामुळं भीती गेली.

पण मला लिहायचंय ते मधल्याबद्दल. त्याचं जुळलं नाही आणि तो जेवेना. आपण बहिणीच्या कामाचे नाही, असं त्यानं धरून ठेवलं. आमच्या काकूच्या ते ध्यानात आलं. तिनं त्याला सांगितलं, हे तुझ्या हातात नव्हतं, चिठ्ठी निघावी तसं असतं. मग बहीण वेगळ्या खोलीत असताना तिला रोज फोनवर गोष्ट सांगायचं काम त्याच्याकडं दिलं. ते त्यानं मनापासून केलं. ज्यांच्या घरी अशी तपासणी आहे त्यांनी न जुळणाऱ्या लेकराशी काय बोलायचं ते निकालाच्या आधीच ठरवावं.

सिस्टर, मुलांचा वॉर्ड, संभाजीनगर
भावंडाला आत का सोडत नाही, यावरून नातेवाईक आमच्यावर चिडतात. केमोनंतर, म्हणजे कॅन्सरच्या कडक औषधांनंतर, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा साध्या सर्दीचंही अवघड होतं. लेकराला नुसतं "तिकडं जायचं नाही" म्हणू नका, कारण सांगा. पेशी वाढल्या की डॉक्टरांना विचारून आवारात भेट घडवा.

लसीचंही ध्यानात ठेवा. घरात केमोवरचं लेकरू असेल तर पाच वर्षांच्या आतल्या भावंडाला पोलिओचे थेंब देऊ नयेत, इंजेक्शनची लस मिळते. पल्स पोलिओवाले दारात आले तर हे आधी सांगा. भावंडाच्या वर्गात कांजण्या किंवा गोवर निघाला तर त्याच दिवशी दवाखान्यात कळवा.

शिक्षिका, बीड जिल्हा
आमच्या शाळेत ऊसतोड कामगारांची लेकरं आहेत, आई-बापाविना राहणं त्यांना नवं नाही, म्हणून आजारी भावाची बहीण चटकन कुणाच्या नजरेत येत नाही. एका मुलीला वर्गात पोरं विचारायची, तुझा भाऊ मरणार का? वर्गाला काय सांगू, हे मी आधी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "त्याचे केस गेलेत, पण येणारेत, एवढं सांगा." तेवढंच सांगितलं.

वडील, जालना
परवा लहानीला भरती करायचंय. मोठा चार वर्षांचा आहे, मामाकडं राहील. त्याला काय सांगू?

आई, परभणी जिल्हा
दादा, आजाराचं नाव सांगा. केस जातील आणि परत येतील, हेही आत्ताच सांगा. कधी परत येणार त्याची तारीख देऊ नका, फोन किती वाजता करणार ते सांगा. दवाखान्यात मम्मी कुठं झोपते त्याचा फोटो पाठवा, लेकरं तेच विचारतात. आणि तो चार वर्षांचा आहे, तर सिस्टरनी लिहिलेलं पोलिओचं भरतीच्याच दिवशी विचारून घ्या.