हायलक्सवर टाकायचा कॅम्पर : पॉप-टॉप घेऊ की आधी गाडीच बदलू?

पर्थमध्ये राहतो, टोयोटा हायलक्स डबल कॅब (सीटच्या दोन रांगा आणि मागे उघडा हौदा असलेला पिकअप) आहे, जूनमध्ये आम्ही दोघं गिब रिव्हर रोडला (ऑस्ट्रेलियाच्या वायव्येकडचा, 660 किमी, बराचसा कच्चा) जाणार, म्हणून मागे हौद्यात टाकायचा आणि पायांवर उभा करून उतरवता येणारा कॅम्पर (झोपायची-राहायची छोटी खोली) बघतोय. ट्रेलर नकोच आहे.

वजनकाट्यावर गाडी नेली, आम्ही दोघं, फुल्ल डिझेल, बुलबार (पुढचा संरक्षक दांडा) धरून 2480 किलो भरली. भरल्या गाडीची एकूण मर्यादा 3050, म्हणजे उरले 570. हार्डटॉप (पक्क्या भिंतींचा कॅम्पर) रिकामाच 620 चा, तो बाद. कापडी भिंतींचा, छत वर उचलायचा पॉप-टॉप 420, पण 60 लिटर पाणी, फ्रीज, गॅस टाकला की जेमतेम 40 किलो उरतात. शिवाय हौदा आखूड, बरंच वजन मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे जातं, आणि खडखडाटी रस्त्यावर असं ओझं नेऊन चासी वाकलेल्या डबल कॅब फोटोत बघितल्यापासून मला खरंच भीती वाटतेय.

सस्पेन्शन बदलून वजनमर्यादा वाढवता येते हे माहीत आहे, पण त्याने चासी थोडीच मजबूत होते. ज्यांनी स्वतः असा कॅम्पर कच्च्या रस्त्यावर नेलाय त्यांनी सांगा, डबल कॅबवर 420 चा पॉप-टॉप चालेल, की लांब ट्रेची (हौद्याची) एक्स्ट्रा कॅबच (मागची सीट छोटी असलेली) घ्यावी? आणि कॅम्परचे ते पाय प्रवासात लावलेलेच ठेवता की काढून घरी?