"हवामान म्हणजे हवामान नव्हे" : हे वाक्य मराठीत लिहायचं कसं?

अनुवादिका
एका मासिकासाठी लेखाचं भाषांतर करते आहे आणि चार शब्दांच्या एका वाक्यावर दोन दिवस अडकले आहे. लेखातला प्रसंग असा. 26 फेब्रुवारी 2015 रोजी ओक्लाहोमाचे सिनेटर जेम्स इनहॉफ अमेरिकेच्या सिनेटमध्ये पिशवीतून बर्फाचा गोळा घेऊन आले. 2014 हे आजवरचं सर्वांत उष्ण वर्ष म्हणता, मग बाहेर ही अवेळी थंडी कशी, असं म्हणत त्यांनी तो गोळा अध्यक्षांच्या आसनाच्या दिशेने टाकला. लेखक त्यावर एवढंच म्हणतो : वेदर म्हणजे क्लायमेट नव्हे.

मी ओघात लिहून गेले, "हवामान म्हणजे हवामान नव्हे." दुसऱ्या दिवशी वाचताना लक्षात आलं. शाळेतलं आठवून "हवा म्हणजे हवामान नव्हे" असं केलं, तर आई म्हणाली, "हवा म्हणजे आपण श्वासात घेतो ती ना? ती हवामान कशी असेल?" तिचं चुकलं असं मला म्हणता येईना. तुम्ही काय लिहाल?

भूगोलमास्तर
यात अडण्यासारखं काही नाही. हवा ही त्या त्या वेळची स्थिती, हवामान ही दीर्घकाळाची सरासरी स्थिती. सहावीच्या भूगोलात 'हवा व हवामान' असा धडाच आहे. जागतिक हवामान संघटना सरासरीसाठी 30 वर्षांचा काळ धरते, सध्या 1991 ते 2020. 'मान' या शब्दातच मोजमाप आलं, सरासरी आली. शब्द आहेत, ते वापरायचे. आपण वापरत नाही म्हणून ते झिजतात. तुमचं दुसरं वाक्य बरोबर आहे, तेच ठेवा.

वऱ्हाडी
सर, आदर ठेवून विचारतो. चिखलदरा हे आमचं 'थंड हवेचं ठिकाण'. ते काय आज दुपारपुरतं थंड आहे? 'कोकणातली हवा दमट' म्हणतो तेव्हा आपण गेल्या मंगळवारबद्दल बोलत नसतो. पुस्तकातल्या व्याख्येप्रमाणे ही दोन्ही 'हवामानं' झाली, पण मराठी माणूस हवा म्हणतो. उलट हवामान खातं रोज उद्याचा अंदाज देतं. म्हणजे बोलण्यात जोडी बरोबर उलटी पडली आहे.

आणि 'मान' म्हणजे सरासरी हेही पटत नाही. 'यंदाचं पाऊसमान बरं आहे' यात सरासरी कुठे आली? एकाच सालाची गोष्ट आहे. दिनमान म्हणजे त्या दिवसाची लांबी. तापमान तर आत्ताचं, या क्षणाचं. मान म्हणजे माप, इतकंच.

भूगोलमास्तर
पाऊसमानाचं उदाहरण चांगलं आहे, मान्य. पण व्याख्या ही बोलीतून उचलायची नसते, ती ठरवायची असते. बोलीत 'वजन' आणि 'वस्तुमान' एकच असतं, म्हणून भौतिकशास्त्राने फरक सोडून द्यायचा का?

लेखणी
मुळात 'हवा' हा अरबी शब्द, फारसीच्या वाटेने आलेला. त्याला संस्कृत 'मान' जोडून केलेला हा संकर आहे. अशा शब्दाकडून शास्त्रीय काटेकोरपणाची अपेक्षा का करायची? हिंदीने नीट मांडणी केली आहे : मौसम आणि जलवायू. त्यांचं खातं 'मौसम विज्ञान विभाग', आणि बदल होतो तो जलवायूत. घोटाळ्याला जागाच नाही. 'तारीख' होती तिथे 'दिनांक' रुजला ना? 'जलवायू परिवर्तन' स्वीकारावं असं माझं स्पष्ट मत आहे.

आकडेमोड
'मौसम' सुद्धा अरबीच आहे. त्याच शब्दावरून पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीतला 'मान्सून' झाला आणि आपला 'मोसम'ही तोच. आणि 'जलवायू' ही संस्कृत कपड्यातली 'आब-ओ-हवा' आहे, पाणी आणि हवा. शुद्धतेसाठी घेतलेल्या शब्दाच्या आत फारसी रचना बसलेली आहे. बंगालीत तर गंमतच आहे, तिथे 'आबहावा' म्हणजे रोजची हवा आणि 'जलवायू' म्हणजे दीर्घकाळची. अर्थ एकच असलेल्या दोन शब्दांना त्यांनी दोन कामं वाटून दिली.

आपल्याकडे हाच शब्द मराठी अंगाने आहेच : हवापाणी. 'तिकडचं हवापाणी त्याला मानवलं.' यात एका दिवसाची गोष्ट कधीच नसते. दुखण्यातून उठलेल्या माणसाला हवापालटाला पाठवत, तेही महिना-दोन महिने.

अनुवादिका
हवापाणी सुंदर आहे! पण "हवा म्हणजे हवापाणी नव्हे" लिहिलं तर वाचक पाणी शोधत बसेल. शिवाय लेखात पुढे 'हवामान बदल' वीस वेळा येतं, तो शब्द वर्तमानपत्रांनी पक्का केला आहे. तो बदलायची माझी छाती नाही.

मळ्यातला
निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार आहे. आमच्याकडे तुमचा हवा-हवामानाचा वादच नाही. आम्ही म्हणतो 'वातावरण'. 'वातावरण खराब आहे' म्हणजे ढग आलेत, धुई पडलीय, चला डावणी-भुरी या द्राक्षावरच्या रोगांची औषधं काढा. 'वातावरण निवळलं' म्हणजे ऊन पडलं. सरकारने खात्याचं नाव 'पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग' ठेवलं तेव्हा शेजारचे नाना मला खरंच विचारत होते, की हे ढगाळ वातावरणाचं खातं आहे का, तिथे नुकसानीचा अर्ज चालतो का. नानांनी आयुष्यभर तो शब्द त्याच अर्थाने वापरला, त्यांनी दुसरं काय समजायचं होतं?

आता मूळ गोष्ट. त्या सिनेटरांचं म्हणणं मला पटत नाही, पण त्यांना तसं का वाटलं ते कळतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा 5 अंशांच्या खाली गेला की आमची रात्र बागेत जाते. पहाटे ठिबक सोडायचं, बांधाला शेकोट्या पेटवायच्या, तरी मणी तडकतात. त्या पहाटे कोणी येऊन 'जग तापतंय' म्हणालं तर माणूस काय उत्तर देईल? आणि दोन्ही गोष्टींना तुम्ही एकच शब्द दिलात तर त्याला वाटणारच, की हवामान थंड झालंय, मग हवामान तापलं कुठे?

सातासमुद्रापार
2015 च्या त्या फेब्रुवारीत मी बॉस्टनजवळ राहत होतो. त्या हिवाळ्यात शहरात 110 इंचांहून जास्त बर्फ पडलं, तोवरच्या नोंदींत सर्वांत जास्त. दाराबाहेरचा ढीग माझ्या डोक्याच्या वर होता. त्याच आठवड्यांत कॅलिफोर्नियातली मावसबहीण फोनवर सांगायची की इकडे हिवाळा आलाच नाही, पाणी पुरवून वापरतोय. एकाच देशाची दोन टोकं. आणि ते साल संपलं तेव्हा 2015 ने 2014 चा जागतिक उच्चांक मोडला होता. गोळा खरा होता, थंडीही खरी होती. पण ती देशाच्या पूर्वेकडच्या भागापुरती होती.

आकडेमोड
इथे 'एका दिवसाचं काहीच महत्त्व नाही' अशा टोकालाही जाऊ नये, असं मला कळकळीने वाटतं. हे खरं, की एका ठिकाणचा एक आकडा कधीकधी मुळातच चुकीचा असतो. 29 मे 2024 ला दिल्लीतल्या मुंगेशपूर केंद्रावर 52.9 अंशांची नोंद झाली आणि देशभर बातमी झाली. नंतर तपासात संवेदक 3 अंश जास्त दाखवत असल्याचं हवामान खात्यानेच सांगितलं.

वऱ्हाडी
त्याच सुमारास आमच्या नागपुरातही एका स्वयंचलित केंद्राने 56 दाखवले होते. तोही यंत्राचाच दोष. पण माझ्या काकांना अजून वाटतं की 56 खरे होते आणि दडपले गेले. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू होता, त्यामुळे कोणताही आकडा खरा वाटण्याचेच ते दिवस.

आकडेमोड
बरोबर. म्हणून एका आकड्यावर काही उभारायचं नाही, ना गारठ्याच्या, ना उन्हाच्या. पण मार्च 2022 घ्या. देशाचं सरासरी कमाल तापमान 1901 पासूनच्या मार्चमध्ये सर्वांत जास्त निघालं. पंजाब-हरियाणात गहू दाणा भरायच्या वेळीच वाळला आणि मे महिन्यात केंद्राला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. त्या मार्च-एप्रिलच्या लाटेचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने हिशोब मांडला : माणसाने वाढवलेल्या तापमानामुळे अशा लाटेची शक्यता सुमारे 30 पटींनी वाढली. म्हणजे थोड्या दिवसांची, एका प्रदेशातली घटनाही बोलते. फक्त ती एकटी बोलत नाही, मागच्या सगळ्या नोंदी शेजारी ठेवल्या तरच.

आणि ताई, तुमचं मूळ वाक्यच मला थोडं अपुरं वाटतं. वेदर म्हणजे क्लायमेट नव्हे, पण क्लायमेट शेवटी वेदरचंच बनलेलं असतं.

लेखणी
विषय शब्दांचा आहे, विज्ञानाचा नाही.

आकडेमोड
अर्थ माहीत नसताना शब्द कसा ठरवणार? हवामान खात्याने 2020 मध्ये मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा बदलल्या. मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख 29 सप्टेंबरची 8 ऑक्टोबर झाली. त्याला आपण 'सर्वसाधारण' म्हणतो. जे सर्वसाधारण होतं तेच सरकलं. यासाठी मराठीत एक शब्द हवा आहे, आणि तो आपण अजून शोधतोच आहोत.

माजघर
शब्द आहे की! माझी आजी 'ऋतुमान' म्हणायची. सातारकडचं गाव. मृग कोरडा गेला की म्हणायची, "पाऊस लांबला." आणि कधीकधी, फार क्वचित, ओटीवर बसून म्हणायची, "ऋतुमान फिरलं." पहिलं वाक्य त्या सालापुरतं, दुसरं तिच्या सगळ्या आयुष्याबद्दल. तिला 30 वर्षांची सरासरी कोणी शिकवली नव्हती, पण या दोन वाक्यांत तिची कधी गल्लत झाली नाही.

भूगोलमास्तर
हे मात्र मनाला भिडलं. तरी शंका उरतेच. 'ऋतुमानानुसार आहार' मध्ये ऋतुमान म्हणजे फक्त चालू ऋतू. तिथे सरासरी नाही.

माजघर
सर, प्रत्येक शब्दाला दोन बिऱ्हाडं असतात. तुमच्या 'हवे'लाही आहेत.

मळ्यातला
ऋतुमान आमच्याकडेही म्हणतात. 2025 चा मे आठवा. ऊन नावाला नाही, सगळा महिना पाऊस, आणि 26 मे ला मोसमी पाऊस मुंबईत. इतका लवकर तो नोंदींत कधी आला नव्हता. शहरातले पाहुणे म्हणायचे, काय छान गार आहे, कुठे आहे तुमची तापमानवाढ? इकडे खरड छाटणी होऊन गेलेली. त्यानंतरच्या उन्हात काडीत सूक्ष्म घड तयार होतात, पुढच्या हंगामाचं पीक तिथेच ठरतं. ऊनच मिळालं नाही. ऑक्टोबरात फळासाठीची गोडी छाटणी केली तर कितीतरी काड्या वांझ निघाल्या.

आता सांगा, तो मे महिना म्हणजे हवा का हवामान? माझे वडील रोज पहाटेचा पारा आणि पाऊस वहीत लिहायचे, मी अजून लिहितो. वहीच्या एका पानावरून मी काही सांगणार नाही. पण सगळी वही उलटून पाहिली की 'ऋतुमान' हाच शब्द तोंडात येतो.

लेखणी
'ऋतुमान' निर्भेळ संस्कृत आहे, त्याला माझी हरकत नाही. पण मग 'हवामान खातं' हे नावही बदलायला हवं.

वऱ्हाडी
खात्याला लोकांनी केव्हाच नाव दिलंय : वेधशाळा. 'कुलाबा वेधशाळेचा अंदाज' ऐकतच आपण वाढलो. खात्याबद्दल बोलताना 'वेधशाळा' म्हणावं आणि 'हवामान' शब्द मोठ्या गोष्टीसाठी मोकळा ठेवावा.

सिमला ऑफिस
पुणेकर म्हणून एक भर. आमच्याकडे खात्याचं खरं नाव सिमला ऑफिस! 1928 मध्ये मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं. पुढे ते दिल्लीला गेलं, पण चौकाचं नाव राहिलं. शब्द एकदा जिभेवर बसला की खात्याच्या फलकाने हलत नाही. आणि 'मोसम'वरून आठवलं, मोसंबी त्यातूनच आली ना?

आकडेमोड
नाही, मोसंबीचा संबंध मोझांबिकशी सांगतात.

सिमला ऑफिस
आमच्या श्रीरामपूरच्या आत्याकडे मोसंबीची बाग होती, ती ठामपणे 'मोसमी फळ म्हणून मोसंबी' म्हणायची.

आकडेमोड
मग प्रत्येक फळ मोसंबी झालं असतं. आंब्याचाही मोसम असतो.

तळकोकण
ढगाळ हवेला 'वातावरण' म्हणतात हे मला नवीन आहे. आमच्याकडे 'मळभ'. वातावरण म्हटलं की आम्हाला घरातलं वातावरण आठवतं. मराठवाड्यात काय म्हणतात?

अनुवादिका
सगळ्यांचे आभार. मजकूर आज द्यायचाच होता. शेवटी असं लिहिलं : "चार दिवसांची थंडी म्हणजे हवामान नव्हे." पुढच्या परिच्छेदात माजघर यांच्या आजींचं 'ऋतुमान फिरलं' आणलं आहे. माजघर, चालेल ना? लेखकाने चार शब्दांत सांगितलं, मला तेवढ्यात जमलं नाही.

भूगोलमास्तर
'चार दिवसांची थंडी' यात फक्त थंडी आली. ऊन, पाऊस, वारा सगळे बाहेर राहिले. 'हवा' असायला हवी होती.

माजघर
ताई, आजीला फार आवडलं असतं. फक्त 'फिरलं' असंच ठेवा, 'बदललं' करू नका.

तळकोकण
मराठवाड्यातलं कोणीच नाही का इथे?

मळ्यातला
माझे साडू लातूरचे. विचारून सांगतो. ते 'आभाळ आलंय' म्हणतात असं आठवतंय, पण ते तर आम्हीही म्हणतो.