सॅली सालमिनेनही ऑलंडचीच

फिनलंडच्या स्वीडिश बोलणाऱ्या ऑलंड बेटांवरच्या लेखिकांची चर्चा निघाली, तेव्हा एकट्या आन्नी ब्लूमक्विस्तचंच नाव आलं, म्हणून ही थोडी भर. सॅली सालमिनेन ही लेखिकाही आन्नीच्याच वोर्डो भागातली, जन्म १९०६ चा. डझनभर भावंडं, परिस्थिती बेताची. आधी दुकानात नोकरी, मग स्टॉकहोमला घरकाम आणि १९३० मध्ये थेट न्यूयॉर्क. तिथेही मोलकरीणच! लोकांची घरं आवरून उरेल त्या वेळात तिने स्वीडिशमध्ये 'कातरीना' लिहिली. १९३६ मध्ये कादंबरी स्पर्धेत ती पहिली आली आणि बाई रातोरात प्रसिद्ध झाल्या.

योहान नावाचा बढाईखोर खलाशी मोठ्या घराच्या थापा मारून कातरीनाला लग्न करून बेटावर आणतो. घर म्हणजे निघते मोडकी झोपडी. ती माघारी जात नाही, जहाजांचे मालक असलेल्या श्रीमंत कप्तानांच्या शेतात राबते. समुद्राची वर्णनं सगळेच करतात हो. पण या जहाजमालकांची गरिबांवरची पकड सॅलीने जशी दाखवलीय, ती मला जास्त भिडली. राबणाऱ्याच्या नजरेतून लिहिलंय ना.

पुढे डॅनिश चित्रकाराशी लग्न करून सॅली कोपनहेगनला गेली, १९७६ मध्ये वारली. 'कातरीना'चं इंग्रजी भाषांतर आहे, आन्नीच्या 'माया' या कादंबरीमालिकेआधी तेच वाचा.