पहाटे साडेतीनचा वास : गॅस स्टेशनच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्यांचे अनुभव

सोलापुरातल्या आमच्या नगराच्या पूर्वेला एक बंद पडलेला यंत्रमाग कारखाना होता. पत्रे विकले गेले, जागा मोकळी झाली, पोरं तिथं क्रिकेट खेळायची. मग कंपाउंड उठलं आणि आत उभी पांढरी टाकी, पाइपांचं जंजाळ, दोन कॉम्प्रेसर. टँकरमधून द्रवरूप नैसर्गिक वायू येतो, इथं त्याचा पुन्हा गॅस करतात, दाब देऊन सीएनजी म्हणून रिक्षा-गाड्यांत भरतात. भिंतीपासून पहिलं घर वीसेक पावलांवर.

मोर्चा काढून झाला, निवेदनं झाली, एका नेत्यासोबत फोटोही झाला. तुमच्याही शेजारी, सोलापुरात किंवा दुसरीकडे, असं काही आलं असेल तर लिहा. कंपनीचं, साहेबांचं नाव नको. वेळ लिहा, काय केलं ते लिहा, त्यातलं काय कामाला आलं ते लिहा. घोषणा नकोत, त्या आमच्याकडं शिल्लक आहेत.

सुरुवात काकूंनी करावी. पहिला वास त्यांनाच आला.

कडकभाकरी :
लिहिते बाई. गड्ड्याचे, सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस होते, म्हणजे जानेवारी. पहाटे साडेतीनला जाग आली ती गॅसच्या वासानं. मला वाटलं आपलंच सिलिंडर. रेग्युलेटर बंद केला, दिवा लावला नाही, सासूबाईंना उठवून अंगणात बसवलं आणि सगळ्या खिडक्या उघडल्या. तर वास वाढला! अर्धा तास अंगणात कुडकुडत बसलो, आणि वास बाहेरूनच येतोय हे डोक्यात शिरेना. सिलिंडरवाला तीनदा येऊन गेला, रबरी नळी बदलून गेला, पैसे घेऊन गेला. चौथ्या वेळी समोरच्या वैनी म्हणाल्या, "तुमच्याकडं पण येतोय का?" तेव्हा कुठं कळलं. आता वास आला की आम्ही खिडक्या लावतो. बाहेरच्या वासाला दारं लावायची आणि घरातला असेल तर उघडायची. झोपेत हे ठरवायचं कसं, ते कुणीतरी सांगा.

साचेवाला :
माझं अख्खं आयुष्य यंत्रमागाच्या खटखटीत गेलं. तक्रार घेऊन गेलो तर तिथला माणूस हसला, "मामा, तुम्हाला आवाजाचं काय?" आवाज एकसारखा असला की माणूस झोपतो. माग बंद पडला की जाग येते, उलट. हे मशीन मध्येच सुरू होतं, मध्येच थांबतं, मग फुस्स करून काहीतरी सोडतं. त्या फुस्सची वाट बघत पडून राहायचं.

एक निवृत्त :
उरणकडे गॅसच्या कामात नोकरी झाली, आता जुळे सोलापुरात असतो. दोन गोष्टी सांगतो, कारण निवेदनात तुम्ही फक्त वासाचं लिहिलं आहे, ती चूक आहे.

नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचं गंधकाचं रसायन थेंबाथेंबानं घालतात. हवेत गॅस साधारण ५ टक्क्यांवर गेला की पेट घेऊ शकतो. त्याच्या बऱ्याच आधी नाकाला कळलं पाहिजे, हा हेतू. टँकरमधला द्रव उणे १६२ अंशांना असतो, त्यात हे रसायन घालता येत नाही, गोठेल. ते स्टेशनवरच घालतात. म्हणजे काकूंना आलेला वास हा एकतर वास घातलेल्या गॅसचा, नाहीतर त्या रसायनाच्या टाकीचा. रसायन थोडं जरी सांडलं तरी गल्ली वासानं भरते.

आता उलट बाजू. टँकरची नळी सोडताना जो गॅस सुटतो त्याला वासच नसतो. साचेवाल्या मामांना ऐकू येणारं फुस्स कदाचित तेच असेल. तुम्ही फक्त वासाची तक्रार करता, तेव्हा अर्धी गोष्ट सांगता. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो विषारी नाही, घरातल्या एलपीजीसारखा जमिनीलगत साचतही नाही, वर जातो. पण थंडगार असताना तो हवेपेक्षा जड असतो आणि पांढऱ्या धुक्यासारखा खालून सरकतो. तसं धुकं दिसलं तर स्कूटर सुरू करू नका, चालत लांब जा.

तीनचाकी :
माझं पण ऐका की. मी हितलाच, पण माझी रिक्षा सीएनजीवर हाय. आधी रांगेत दोन-दोन तास जायचे. स्टेशन शेजारी आलं तर मला बरंच वाटलं. मोर्चाच्या दिवशी मित्र म्हणला, "काय करलालास बे, तिकडं गॅस भरतोस आणि हिकडं बोंबलतोस?" खरंय ते. पण धाकटीला खोकला झाला की बायको माझ्याकडंच बघती. स्टेशन बंद करा असं मी म्हणणार नाही. एमआयडीसीत असतं तर चार किलोमीटर जादा गेलो असतो, एवढंच.

पत्तीवालीची लेक :
आई विड्या वळते, भाषा घरात तेलुगू. निवेदनावर सह्या घ्यायला दोघं आले, कागद मराठीत, तोही सरकारी मराठीत. बायकांनी अंगठे दिले, पण कशावर ते माहीत नाही. मी दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून सगळं तेलुगूत वाचून दाखवलं. तेव्हा एकेक बोलायला लागली. एकीचं डोकं दुखायचं, एकीला मळमळायचं, एकीला वाटायचं की आपल्यालाच भास होतोय. पुढं पाहणीला आलेल्या एकानं विचारलं, तंबाखूत बसणाऱ्यांना एवढा वास कसा येतो? आई म्हणाली, "तंबाखू माझ्या सुपात हाय, तो मी सोडून उठू शकते." मी ते तिथंच मराठीत सांगितलं. साहेबांनी ते लिहून घेतलं नाही.

दहा रुपयांचं तिकीट :
माहिती अधिकाराचा अर्ज मी टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवसांची मुदत. उत्तर पंचावन्नाव्या दिवशी, तेही अपील केल्यावर. पण त्यात प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्राची प्रत आली आणि ते आठ कागद मोर्चापेक्षा भारी निघाले. अटी असतात त्यात : जनरेटरला आवाज रोखणारं आवरण, धुराड्याची उंची, झाडांचा पट्टा. आम्ही भिंतीवरून मोजलं, झाडं चार, त्यातली दोन मेलेली. "आम्हाला त्रास होतो" म्हटलं की साहेब सहानुभूती दाखवतात. "तुमची अमुक अट पाळलेली नाही" म्हटलं की त्यांना पेन काढावं लागतं. निवासी भागात रात्री दहा ते सहा ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांतच आहे. मोबाइलचं माप पुरावा ठरत नाही, पण खरं मोजमाप कोणत्या वेळी मागायचं ते त्यावरून कळतं.

काळा कोट :
उपविभागीय दंडाधिकाऱ्यांचा रस्ता लोक विसरतात. सार्वजनिक उपद्रवाचं, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १३३, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १५२. रतलामच्या रहिवाशांनी उघड्या गटारांसाठी याच कलमाखाली नगरपालिकेला खेचलं आणि १९८० साली सर्वोच्च न्यायालयानं पैसे नाहीत ही सबब ऐकली नाही. हरित लवादाचं खंडपीठ पुण्यात आहे, पण तिथं जाताना सहा महिन्यांच्या मुदतीकडं लक्ष ठेवा.

धागाकर्ता :
आता वहीचं सांगतो. पहिली पाहणी जुलैत झाली, सकाळी साडेअकराला. पावसाळ्यात आपल्याकडं वारा पश्चिमेचा, सगळा वास पलीकडच्या माळावर. साहेबांनी दोनदा नाक वर केलं आणि "काही आढळले नाही" असं लिहिलं. खोटं नव्हतं ते. आम्हीच वेडे ठरलो. आमचा त्रास दिवाळीनंतरचा, वारा पूर्वेकडून फिरला की, आणि तोही पहाटेचा, कारण दिवसा जड वाहनांना बंदी म्हणून टँकर रात्री येतात.

मग किराणा दुकानात शंभर पानी वही ठेवली. तारीख, वेळ, वारा कुठून, कुणाला. निवृत्त काकांनी सांगितल्यावर वास आणि आवाज असे दोन वेगळे रकाने पाडले. पहिल्या महिन्यात काहींनी नुसता राग लिहिला, एकानं उधारी लिहिली. डिसेंबरपर्यंत वही शहाणी झाली. त्यातून दिसलं की वास बहुतेक मंगळवारी आणि शुक्रवारी. लोकशाही दिनाला, म्हणजे साहेब तक्रारी ऐकतात त्या दिवशी, आम्ही वही घेऊन गेलो आणि पाहणी शुक्रवारी पहाटेच हवी म्हणून अडून बसलो. आले बिचारे, मफलर गुंडाळून. गाडीतून उतरायच्या आतच मफलर नाकावर गेला.

नोटीस निघाली. त्या रसायनाचं पिंप भरायची पद्धत बदलली, फुस्सच्या नळीला सायलेन्सर बसला, सहा झाडं लागली. स्टेशन जिथं होतं तिथंच आहे. जागा बदलायचा अर्ज वर गेलाय, तो वरच आहे.

साचेवाला :
सायलेन्सरनं फुस्स कमी झालं. आता ऐकायला जास्त कान द्यावे लागतात.

कडकभाकरी :
आज पहाटे ४:१० ला वास. पंधरा मिनिटं. वारा पूर्वेचा, आवाज नाही. दुकान उघडल्यावर वहीत लिहिते. आणि कुणीतरी नवीन पेन ठेवा हो तिथं, जुनं रिक्षावाल्या भाऊंनी खिशाला लावून नेलंय.